दुसरी सही

नाही, नाही, त्या खिडकीत नको — ती जमिनीच्या नकलांची खिडकी. तिथे उभ्या राहिलात तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभ्या राहाल आणि मग तो सांगेल, शेजारी जा. तुमची ही, डावीकडची, जिचं दार अर्धं लावलंय ती. उघडेल. अकराला उघडते म्हणजे साडेअकराला. बसा इथे. बसा हो, बाक लांब आहे, एका टोकाला डुगडुगतो तेवढा — हं, इकडे सरका. न्यायाधीश आठवड्यातून एकदाच येतात ह्या आडगावी, बुधवारी, म्हणून बुधवारी सगळं इथे लोटतं. आज त्या मानानं शांतच म्हणायचं. कोण गेलं तुमचं? आई. — अरेरे. कधी? दोन महिने. म्हणजे अजून घरात हाक ऐकू येत असेल. येते. वर्षभर येते, घाबरू नका. आणि मृत्युपत्र करून गेल्यात? शहाण्या होत्या म्हणायच्या. मूळ कागद आणलाय ना, नक्कल नव्हे? मृत्यूचा दाखला? दोन प्रती? वारसांची यादी? सगळे लिहा हं त्यात — ज्यांचं तोंड बघत नाही तेसुद्धा. तेच आधी लिहा. मग पेपरात नोटीस, मग तीस दिवस थांबायचं, कोणी हरकत घेतो का बघायचं, मग साक्षीदारांना बोलावतात, मग शिक्का. ह्या सगळ्याला प्रोबेट म्हणतात. हा शब्द माझ्या तोंडात बसायला आठवडा लागला, आणि मी छत्तीस वर्षं भाषा शिकवलेला माणूस.

मी? माझं काही काम नाही इथे. म्हणजे — होतं. संपलं. दोन वर्षं झाली संपून. येतो आपला बुधवारी, बसतो. घरी तरी कोण वाट बघतंय. खिडकीवरचा कारकून ओळखतो मला, काही बोलत नाही. एकदा म्हणाला, मास्तर, तुम्हाला आता हजेरीपटावर घ्यायला हवं. चांगला आहे तो. तिरसट वाटतो, पण चांगला आहे — आवाज चढवेल, तुम्ही मनावर घेऊ नका. बरं, एक सांगा. साक्षीदार कोण आहेत तुमच्या कागदावर? दोघांच्या सह्या असतील खाली. नाही, नाही — मला देऊ नका. मी हात लावत नाही. तुम्हीच वाचा. हं. शेजारीण. आणि दुसरे? डॉक्टर. त्यांना काही दिलंय का आईनं? दागिना, भांडं, काही? त्यांच्या घरच्या कोणाला? नीट वाचा, शेवटपर्यंत वाचा. नाही ना? — बरं झालं. बरं झालं हो. मग तुमचं होईल. तुमचं अगदी सरळ होईल, बघा.

हात का लावत नाही म्हणता — सवय लागलीय. डोळे? छे, डोळे ठीक आहेत. अक्षर तर अजून छापल्यासारखं येतं. आमच्या गावात कोणालाही काही लिहायचं असलं की माझ्याकडे यायचे — अर्ज, दाखले, सासरच्यांना पत्रं, माफीची पत्रं, एकदा तर एका गड्यानं बायकोला लिहून घेतलं माझ्याकडून, आणि तिनं उत्तर लिहून घ्यायला मलाच बोलावलं. गंमत वाटायची. वाटायचं, आपल्याशिवाय ह्या गावाचं पानही हलत नाही. चढतं हो असलं काही डोक्यात. कळत नाही चढताना.

आमचा लोहार होता. माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर. त्याला सातवीत भात्यावर बसवला आणि मी पुढे शिकलो, पण संध्याकाळी त्याच्या दुकानात माझी बैठक ठरलेली — पन्नास वर्षं. माझ्यासाठी लोखंडाची खुर्ची केली होती त्यानं, पाठीला बरोबर बाक दिलेली. बायको लवकर गेली त्याची. एक मुलगा. त्या मुलाचं लग्न केलं आणि दीड वर्षात मुलगा कामाला म्हणून गेला लांब, आणि दोन वर्षांनी पत्र आलं की आता तिकडेच दुसरं घर मांडलंय. ते पत्र मीच वाचून दाखवलं. सून दारात उभी होती, हातात कोळशाचं घमेलं. मला वाटलं, ही आता माहेरी जाईल. कोणालाही वाटेल. ती आत गेली, घमेलं भट्टीत रिकामं केलं आणि भात्यावर बसली. चौदा वर्षं बसली! आधी भाता, मग घण, मग बिजागऱ्या करायला लागली — हो, लोखंडी बिजागऱ्या, स्वतः. आमच्या गावातली अर्धी फाटकं तिच्या बिजागऱ्यांवर फिरतात आजही. लोहार म्हणायचा, मास्तर, पोरगं गेलं तेव्हा वाटलं हात गेला, पण हिनं दोन दिले. तो तिला सूनबाई म्हणायचा, ती मामंजी. भांडायचे दोघं — भट्टीच्या आचेवरून, मिठावरून. मिठावरून तर रोज.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. आयुष्यभराचा धूर तो, कुठे जाणार. डॉक्टर म्हणाले, आठवडे मोजा. एके दिवशी दुपारी मला बोलावून म्हणाला, लिही. घर आणि दुकान सुनेला. सरळ लिही, मास्तर, तुझं ते फिरवून-फिरवून नको. मी म्हटलं, कायद्याचं लिखाण असतं, सरळ लिहून चालत नाही — आणि लिहिलं आपलं, दोन पानं, काय भाषा होती! 'माझ्या पश्चात', 'निर्वेधपणे', 'यावच्चंद्रदिवाकरौ' — एका गरीब लोहाराच्या दोन खोल्यांसाठी. ऐरण आणि हत्यारं शेजारच्या गावच्या लोहाराला, कारण तो ती वापरेल. आणि मग म्हणाला, ती तुझी खुर्ची तुझ्या नावावर लिही. मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, नको रे, मी साक्षीदार आहे, साक्षीदारानं काही घेऊ नये, बरं दिसत नाही.

बघा. माझ्यापुरतं कळलं मला. खुर्चीपुरतं.

साक्षीदार दोन लागतात. एक मी. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर यायचा होता, त्याला निरोप दिला होता, पण त्या दिवशी पुलाची दुरुस्ती निघाली आणि बस अलीकडेच थांबली. तीन वाजले, साडेतीन वाजले. लोहाराला धाप लागलेली, पेन हातात धरून बसलेला — म्हणतो, आत्ता करतो सही, उद्या हात चालेल न चालेल. आणि कोणी नव्हतं जवळपास. सगळे शेतावर. म्हणून मी सुनेला हाक मारली. ती आतून आली, हात ओले, पदराला पुसत. मी म्हटलं, कर इथे सही, माझ्या खाली. ती म्हणाली, मी? चालेल का? मी म्हटलं, अगं, सही ती सही. त्यानं केली, मी केली, तिनं केली. तिचं अक्षर चांगलं होतं, माझ्या हाताखाली शिकली नव्हती तरी. कागदाची घडी घालून मी त्याच्या उशाखाली ठेवला. एकदम हलकं वाटलं मला. घरी येऊन चहा केला आणि दोन कप प्यायलो. चार दिवसांनी तो गेला.

आम्ही दोघं इथे आलो, मी आणि सून. ह्याच खिडकीत. मी पुढे, कागद मीच दिला — म्हटलं बघू दे त्याला, लिखाण कसं असतं. कारकुनानं वाचला. खालून वाचतात ते, सह्यांकडून वर, माहीत आहे? सह्या वाचल्या, मग वर गेला, मग परत खाली आला. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ही दुसरी सही कोणाची? मी म्हटलं, हिची. म्हणाला, आणि घर कोणाला? मी म्हटलं, हिला. त्यानं पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाला — एरवी ओरडतो, तेव्हा अगदी हळू — ज्याला मिळायचं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. झाला तर त्याचं त्याला मिळत नाही. बाकीचा कागद चालतो, तेवढं गळतं. मी अजून दाखल करून घेतलेलं नाही, म्हणाला, घरी जा, एखाद्या वकिलाला दाखवा. ती मागे उभी होती. मला वाटलं तिनं ऐकलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. बसमध्ये म्हणाली, मास्तर, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत.

वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तेच सांगितलं, फक्त पुस्तक काढून. म्हणाल्या, आणखी एक वेगळा साक्षीदार असता, तर हिची सही जास्तीची धरता आली असती. मग मला विचारलं, तुम्हाला नव्हतं माहीत? मी म्हटलं, नाही. आणि मग खुर्चीचं आठवलं. बोललो नाही.

संध्याकाळी कंपाउंडर आला. हळहळत होता बिचारा, पूल नसता तर म्हणत होता. आणि मग — आता तुम्हाला सांगतो, कुठे बोलू नका — मीच म्हटलं त्याला, तुझी सही घालू खाली. जागा आहे. तू त्या दिवशी आलाच होतास असं समज. तो तयार झाला, लगेच. त्याच्या आईला हिनं महिनाभर डबा नेला होता. मी दिवा जवळ ओढला, कागद सरळ केला, त्याच्या हातात पेन दिलं. छत्तीस वर्षं मी मुलांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर काढलं! ती पाणी घेऊन आली, बघितलं, आणि तांब्या खाली ठेवून तिनं कागद उचलला. ओढला नाही हं — उचलला, जसं झोपलेलं मूल उचलतात. म्हणाली, मामंजींच्या सहीखाली खोटं नको. मी म्हटलं, अगं, घर जाईल. ती म्हणाली, जाईल. मी चिडलो तिच्यावर! हो, चिडलो — म्हटलं, हट्टी आहेस, त्यानं तुझ्यासाठी केलं ते मातीत घालतेस. कोणी मातीत घातलं होतं आणि कोण कोणाला म्हणत होता.

तसाच दाखल केला. यादीत मुलाचं नाव लिहिलं — तिनंच पत्ता दिला, तिच्याकडे होता, चौदा वर्षं होता. नोटीस गेली. तारीख लागली, ह्याच समोरच्या खोलीत, ते उंच दार. तिला आधी बोलावलं. न्यायाधीश बाई होत्या, वयस्कर, मवाळ. त्यांनी विचारलं, ही सही तुमची? हो. कागदात काय आहे माहीत होतं? हो. मग सही करायला कोणी सांगितलं? मी मागच्या बाकावर. मला वाटलं, आता ती वळेल. वळायची गरजही नव्हती, नुसतं म्हणायचं — मास्तरांनी. ती म्हणाली, कोणी नाही, बाईसाहेब. मीच केली. मला वाटलं चालतं.

जिनं घरासाठी खोटं चालू दिलं नाही ती, शपथ घेऊन. आणि मग मला बोलावलं. मला विचारलं, लिखाण तुमचं? हो. सही तुमची? हो. मृताची मनःस्थिती ठीक होती? हो. बस. एवढंच. तिची सही कोणी करवली ते मला कोणी विचारलंच नाही, तिनं सांगितलेलंच होतं ना — आणि मी आपणहून सांगितलं नाही. आभार मानून खाली उतरलो. पायऱ्या तीनच आहेत तिथे. मृत्युपत्र सिद्ध झालं हं. शिक्का बसला. माझं लिखाण अगदी कायदेशीर निघालं. ऐरण शेजारच्या गावी गेली. फक्त ज्या एका ओळीसाठी कागद केला तेवढी ओळ गळली, आणि घर वारसाकडे गेलं.

मुलगा आला. तुम्हाला वाटेल, काय माणूस असेल. माणूसच होता. केस पांढरे झालेले, माझ्यापेक्षा जास्त वाकलेला. माझ्याच वर्गात होता, पाढे कधी पाठ झाले नाहीत त्याचे. भट्टीपाशी बसून रडला, मग म्हणाला, मास्तर, मी काही मागायला आलो नव्हतो, पण दोन पोरी आहेत पदरात आणि हे आता माझ्याकडे आलंच आहे. तिला म्हणाला, मागच्या खोलीत रहा, हवं तितकं. ती म्हणाली, बघते. एकमेकांशी ते इतकंच बोलले, बरं का — रहा, बघते. आठ दिवसांत तिनं आवरलं. चौदा वर्षांचं आवरायला आठ दिवस म्हणजे जास्तच झाले. एकच ट्रंक निघाली.

मी गेलो होतो पोचवायला. म्हणजे गेलो, पण फाटकाच्या अलीकडे उभा राहिलो. ट्रंक शिंप्यानं उचलली होती. शिंपी म्हणजे — समोरच राहतो. लोहाराच्या दारातून हाक मारली तर त्याच्या मशीनवर ऐकू जाते. दहा पावलं. मी काय म्हणालो मघाशी? कोणी नव्हतं जवळपास. हं. म्हणालो. सगळ्यांना तेच सांगतो, इतक्यांदा सांगितलंय की मलाही तसंच दिसायला लागलंय — सगळी दारं लावलेली, सगळे शेतावर.

तो होता. मशीनचा आवाज येत होता. तिनं विचारलं होतं मला — चालेल का म्हणाली त्याच्या आधी — ती म्हणाली, मास्तर, समोरच्या काकांना हाक मारू का? आणि मी म्हणालो, त्याला कशाला, तूच कर.

का म्हणजे — काय सांगू तुम्हाला. सांगायला लाज वाटेल असं आहे. आमच्या वाचनालयाची पाटी मी रंगवली होती. स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात. 'सार्वजनीक वाचनालय'. नी दीर्घ काढला मी. एवढंच. उद्घाटनाला सगळं गाव जमलेलं, आणि शिंपी पुढे झाला, गळ्यातली टेप काढून त्या नीवर टेकवली आणि म्हणाला, मास्तर, इथे कापड जास्त झालंय, आणि ह्याच्यासाठी मी तुमच्या हातची छडी खाल्लीय. हसले सगळे. लहान मुलंसुद्धा. लोहार तर डोळे पुसेपर्यंत हसला. वाईट नव्हतं त्याच्या मनात काही, आता कळतं, तो तसा बोलतोच. पण मी सहा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. रस्ता बदलायचो. कपडे दुसऱ्या गावात शिवून आणायचो. आणि त्या दुपारी मला दिसत होतं — खिडकीतून त्याचा हात दिसत होता चाक फिरवणारा — आणि माझ्या मनात काय आलं? की मी लिहिलेला कागद हा वाचेल. वाचेल आणि चूक काढेल.

ट्रंक बसवर चढवली त्यानं. ती माझ्यापाशी आली, वाकली, पाया पडली — मी म्हटलं, नको, नको — बसली, बस गेली. मग तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सहा वर्षांनी. हात झटकत होता, गंज लागला होता ट्रंकेचा. म्हणाला, मी घरीच होतो, मास्तर, त्या दिवशी. नुसती हाक मारायची होती. रागावला नव्हता. तुम्ही कसं म्हणता, आज हवेत गारवा आहे, तसं म्हणाला. आणि गेला. तेव्हापासून तो रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. मी करतो उलट. रोज करतो.

ती आता मोठ्या इस्पितळाच्या धोबीखान्यात आहे. चादरी, रोजच्या चारशे चादरी, वाफेची यंत्रं. पत्र आलं होतं. लिहिलंय, इथली आच भट्टीपेक्षा कमी आहे, तुम्ही जेवत जा. उत्तर? — लिहायला बसतो. अख्ख्या गावाची पत्रं लिहिली मी, हो, माफीची तर किती; मला माहीत आहे ना कसं लिहायचं असतं, पहिलं वाक्य कुठून उचलायचं. कागद घेतो. तिचं नाव घालतो. नुसतं नाव घातलं की खाली लिहायची ती गोष्ट एकच उरते, आणि ती तिला माहीतच आहे. सगळ्यात आधी तिलाच माहीत होती. मग मी काय कळवू?

नाही, तुम्ही काही म्हणू नका. नका म्हणू — 'तुमच्या मनात तसं नव्हतं' — मला ठाऊक आहे लोक काय म्हणतात, म्हणून तर कोणाला सांगत नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही त्या सह्या वाचत होतात ना, बोट ठेवून, हळू — तिला तशीच सवय होती, बोट ठेवून वाचायची —

ती बघा, उघडली खिडकी. जा. आधी मूळ कागद द्या, मग दाखला. पावती घेतल्याशिवाय हलू नका. माझ्याकडे काय बघताय, मागे रांग होईल. जा गं. — जा म्हटलं ना.